दर दोन उन्हाळ्यांत समर टायर गोटा होतात : टायर भिकार की गाडी बिघडलेली? (माझा चार वर्षांचा घोळ)

मंडळी, हा प्रॉब्लेम मला दोनदा आला आणि दोन्ही वेळेला मी टायरच्या कंपनीला शिव्या घातल्या, आणि दोन्ही वेळेला टायरचा काही संबंध नव्हता. जर्मनीत (इथं उन्हाळ्याचे समर आणि हिवाळ्याचे विंटर टायर वेगळे असतात) नवीन आलेले लोक दर मार्चमध्ये विचारतात की समर टायर कुठले घेऊ, स्वस्तातले चालतील का, महागाचे परवडतात का, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी लक्षणं. मी श्टुटगार्टच्या पुढे ग्योपिंगनच्या बाजूला राहतो, गाडी जुनी घेतलेली कॉम्बी (मागं मोठी डिकी असलेली लांब गाडी), फ्रंट व्हील ड्राइव्ह, टायर साइज २०५/५५ आर १६, ९१ व्ही, म्हणजे इथं निम्म्या गाड्यांना असते तीच. रोजचं जाणं-येणं बी १० हायवेवरून, अधूनमधून उल्मकडे जाताना गाइसलिंगनचा चढ, ज्याला इथले लोक मोठा घाट समजतात (खंबाटकी बघितलेल्या माणसाला हसू येतं, असो). समर टायर एप्रिलमध्ये चढतात, ऑक्टोबरात उतरतात, तेवढ्यात साधारण ११ हजार किलोमीटर होतात. पहिला उन्हाळा एकदम मस्त जातो, काही तक्रार नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात जूनच्या आसपास मागून घूंऽऽ असा आवाज सुरू होतो, ६० ते ८० च्या स्पीडला जास्त, १२० च्या वर वाऱ्याच्या आवाजात विरून जातो, आणि मग ऑक्टोबरात चाकं काढताना वर्कशॉपवाला मागच्या दोन टायरची आतली कड दाखवतो, तर ती पार गुळगुळीत. मधली नक्षी चांगली ५ मिलिमीटर शिल्लक, बाहेरची पण ठीक, आणि आतली दोन बोटं रुंदीची पट्टी गोटा. इथं कायद्यानं कमीत कमी १.६ मिलिमीटर नक्षी लागते, त्याखाली सापडलात तर ६० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला (तिथं वाहनचालकांच्या गुन्ह्यांची नोंद राहते) एक पॉइंट, त्यामुळे टायर बाद.

पहिला सेट २०२० चा, स्वस्तातला, ५२ युरोला एक. तो २२ हजार किलोमीटरवर गेला तेव्हा म्हटलं स्वस्तातलं घेतलं, भोगा आता. २०२२ ला चिडून नावाजलेल्या कंपनीचे घेतले, ८९ ला एक, टेस्टमध्ये चांगले मार्क मिळालेले. ते २४ हजारावर गेले, तेही अगदी तसेच, तीच आतली कड, तोच घूं आवाज. तेव्हा मात्र डोकं सटकलं. चारचौघांत सांगत सुटलो की ब्रँडेड टायर म्हणजे निव्वळ लूट, स्वस्त आणि महाग सगळं एकच असतं. दोन-तीन जणांनी माझं ऐकून स्वस्तातले घेतले पण असतील, त्यांची माफी.

मध्ये अजून एक पैसे घालवायचा कार्यक्रम झाला. २०२१ मध्ये आवाज ऐकून एका वर्कशॉपनं सांगितलं व्हील बेअरिंग गेलंय, मागचं डावं. २८० युरो दिले, नवीन बेअरिंग बसलं, घरी येताना आवाज तिथल्या तिथं. बेअरिंग आणि टायर यांचा आवाज लांबून सारखाच वाटतो हे खरंय, पण वेगळा ओळखता येतो, आणि हे मला कुणीतरी आधी सांगायला पाहिजे होतं. मोकळ्या रस्त्यावर ७०-८० ला असताना लांबट डावं-उजवं वळण घ्या. वळणात एका बाजूच्या चाकावर वजन जातं, बेअरिंग खराब असेल तर एका बाजूच्या वळणात आवाज वाढतो आणि दुसऱ्या बाजूच्या वळणात कमी होतो. टायरचा आवाज वळणानं फारसा बदलत नाही, तो रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलतो, नवीन गुळगुळीत डांबर आलं की एकदम गप्प आणि जुना खडबडीत किंवा काँक्रीटचा तुकडा आला की परत सुरू. आणि तरीही शंका असेल तर पुढची चाकं मागं, मागची पुढं टाका, आवाज जर पुढं आला तर टायरच, विषय संपला. बेअरिंग काय चाकाबरोबर फिरत नाही.

दुसरी तपासणी हातानं करायची. मागच्या टायरवर तळहात सपाट ठेवून नक्षीवरून गोल गोल फिरवा, आधी एका दिशेनं मग उलट दिशेनं. एका दिशेनं हात सुळकन गेला आणि उलट जाताना खोबरं किसायच्या किसणीसारखं खरखर अडकलं तर त्याला जर्मन लोक झेगेत्सान म्हणतात, करवतीचे दात. नक्षीचा प्रत्येक ठोकळा एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला खाली झिजलेला असतो, आणि असे शेकडो ठोकळे रस्त्यावर आपटतात तोच तो घूं आवाज. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत हे मागच्या चाकांना जास्त होतं, कारण पुढची चाकं ओढून ओढून आपोआप घासून सपाट होतात, मागची बिचारी नुसती फरफटत येतात, त्यात मागं वजन कमी. थोडं झेगेत्सान असेल तर मागचे टायर पुढं टाकायचे, दीड-दोन हजार किलोमीटरमध्ये बरंच कमी होतं. माझं थोडं नव्हतं.

आता खरं कारण कसं सापडलं ते. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, मिरजेला. तिथं प्रत्येक टायरचा नंबर आणि तो किती किलोमीटर चालला हे लिहून ठेवायचे, रिमोल्डला (नवी नक्षी चढवायला) पाठवला की परत नवीन नोंद, त्यामुळे बाबांना टायर म्हटलं की आधी वही आठवते. २०२३ च्या दिवाळीत फोनवर मी आपलं सांगत होतो की बघा एवढे महागाचे टायर आणि २४ हजारात गेले. ते म्हणाले, "आतून खाल्लाय का बाहेरून?" म्हटलं आतून. "पुढचा का मागचा?" मागचा. "दोन्ही?" हो दोन्ही. "आणि आधीचा सेट?" म्हटलं तोही तसाच. मग जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "अरे मग दोन कंपन्यांचे टायर एकाच जागी कसे खातील, गाडी खातीय ती. थंडीच्या टायरची कड बघितलीस काय?"

थंडीच्या टायरची कड बघायचं मला सुचलंच नव्हतं. तळघरात जाऊन बघितलं, तर त्यांचीही आतली कड बसलेली, फक्त त्यांच्यावर हिवाळ्यात चार-पाच हजारच किलोमीटर होतात म्हणून एवढी दिसत नव्हती. चार वर्षं ते टायर माझ्या सायकलशेजारी पडून होते आणि मी कधी वाकून बघितलं नाही.

मधल्या काळात मी दोनदा अलाइनमेंट (चाकांचे कोन मोजून नीट करणं) पण करून घेतलं होतं, मग ते कसं काय चुकलं? ही खरी गंमत आहे आणि इथंच बहुतेक जण फसतात. मी ऑफरमध्ये अलाइनमेंट करून घेतलं होतं, स्वस्तात, आणि ते फक्त पुढच्या चाकांचं होतं. पुढचं सगळं हिरवं. कागदावर मागच्या चाकांचा रकानाच नव्हता, मी कधी बघितला नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही. गाडी एका बाजूला ओढत नव्हती, स्टीअरिंग सरळ, मग शंका कुठून येणार. २०२४ च्या मार्चमध्ये दुसरीकडे जाऊन चारही चाकांची आक्सफरमेसुंग, म्हणजे अलाइनमेंटची मोजणी, सांगितली, १०९ युरो, आणि मशीनच्या स्क्रीनवर मागचे दोन्ही आकडे लालभडक. श्पूर, म्हणजे चाकं वरून बघितल्यावर आत वळलीत की बाहेर, ती मागं प्रत्येकी अधिक १० मिनिटं पाहिजे होती (एका अंशाचे ६० भाग केले तर एक भाग म्हणजे मिनिट), माझी डावीकडं वजा १४ आणि उजवीकडं वजा १२. म्हणजे मागची दोन्ही चाकं फेंगडी, बाहेरच्या बाजूला तोंड करून चाललेली, आणि दोन्हीकडे जवळपास सारखीच फेंगडी, म्हणून गाडी सरळ जात होती.

१४ मिनिटं म्हणजे पाव अंशसुद्धा नाही, डोळ्याला दिसणं शक्यच नाही. पण हिशोब करून बघा, एवढ्याशा कोनात चाक प्रत्येक किलोमीटरला सुमारे ४ मीटर आडवं घासतं. २२ हजार किलोमीटर गुणिले ४ मीटर, म्हणजे माझा तो स्वस्तातला टायर जाईपर्यंत ८८ किलोमीटर आडवा फरफटला होता, एवढ्यात पुण्याहून पार लोणावळा ओलांडून घाट उतरून होतो. कुठला टायर टिकणार?

माइस्टरनं (वर्कशॉपचा मुख्य मेकॅनिक) विचारलं मागं काही काम झालंय का, म्हटलं मी तर काही केलं नाही. घरी येऊन जुन्या मालकानं दिलेली फाइल काढली, त्यात २०१९ चं एक बिल, मागचे दोन्ही बाजूचे आर्म (चाक धरून ठेवणारे सस्पेन्शनचे दांडे) बदलले, मजुरी एवढी, पार्ट एवढे, एकूण एवढे, सही. अलाइनमेंटची ओळच नाही. आर्म बदलला की अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर नवा आर्म जसा बसेल तसा. हा कागद गाडी घेतल्यापासून माझ्या कपाटात होता. सेकंडहँड गाडी घेताना लोक फाइलमध्ये किलोमीटर आणि ट्यूफची (गाडीच्या सक्तीच्या तपासणीची) तारीख बघतात, मीही तेवढंच बघितलं होतं, पण सस्पेन्शनचं काम कधी झालंय आणि त्याच्या बिलात खाली अलाइनमेंट आहे का ते पण बघा.

दुसरं कारण हवेचं, आणि ते जास्त लोकांना लागू पडेल. माझ्या गाडीत टायरमध्ये सेन्सर नाहीत, ती चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधते, कुठलं चाक इतरांपेक्षा जास्त फिरतंय म्हणजे त्यात हवा कमी. २०१४ च्या नोव्हेंबरपासून युरोपात नव्या गाड्यांना प्रेशरची वॉर्निंग सक्तीची आहे, पण ती अशी अंदाजपंचे चालणारी असली तरी चालते. तिचा घोळ असा की टायर बदलले की तिला रीसेट करून सांगावं लागतं की बाई आता आहे ते बरोबर आहे. आता टायर सहा महिने पडून राहिले की थोडी हवा जातेच, चाकं चढवणारा घाईत, बाहेर रांग, त्यानं हवा न बघता रीसेटचं बटन दाबलं, की गाडी कमी हवेलाच बरोबर समजून बसते आणि पुढं सहा महिने गप्प. माझ्याकडे एकदा चारही चाकांत १.९ बार निघाली, दाराच्या पट्टीवरच्या स्टिकरवर २.४ लिहिलंय. दिवा नाही, काही नाही. कमी हवेत टायर दोन्ही कडांवर चालतो, तापतो, पेट्रोल पितो आणि झेगेत्सानला आयतं आमंत्रण. म्हणून चाकं चढवली की घरी जाताना पंपावर थांबा, स्वतः हवा मोजा, मग स्वतः रीसेट करा. टायर थंड असताना, चालवून तापल्यावर आकडा जास्त दाखवतो. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं की साधारण ०.१ बार कमी होते, त्यामुळे एप्रिलमध्ये भरली आणि ऑक्टोबरात बघितली असं करू नका, महिन्यातून एकदा.

आणि त्या स्टिकरवर दोन रकाने असतात, एक दोघातिघांसाठी आणि एक पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. आई-बाबा आले तेव्हा फ्रांकफुर्टहून आणताना माझ्या गाडीत चार माणसं, २३-२३ किलोच्या चार बॅगा, त्यातली एक नुसती गोडा मसाला, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी, आणि मी २.४ वर दोनशेहून जास्त किलोमीटर १३० नं आलो. मागं स्टिकरप्रमाणे २.९ पाहिजे होती. विमानतळावर जायच्या आधी हवा भरा, येताना बाबा गाडीत बसल्यावर ते शक्य नसतं, लगेच विचारतात "का, काय झालं?"

झिजण्याची भाषा थोडक्यात सांगतो. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्ये नक्षी चांगली तर हवा कमी होती. मधलीच गेली तर हवा जास्त. एकच कड गेली तर अलाइनमेंट, किंवा श्टुर्त्स म्हणजे चाक उभं किती तिरकं आहे ते. ठिकठिकाणी खड्डे खड्डे पडल्यासारखं झिजलं तर शॉकअप किंवा बॅलन्सिंग बघा. आणि सगळीकडून सारखा झिजला, तरी लवकर झिजला, तेव्हाच टायरच्या क्वालिटीवर बोलायचा हक्क आपल्याला मिळतो. मागच्या टायरची आतली कड उभ्यानं दिसत नाही, त्यासाठी फोनचा टॉर्च लावून व्हिडिओ चालू करायचा आणि फोन चाकाच्या मागं जमिनीलगत सरकवायचा, पँट खराब न करता सगळं दिसतं.

आता मुद्द्यावर, म्हणजे टायर चांगला की वाईट, पैसे वसूल की नाही हे ठरवायचं कसं. वर्षांवर ठरवू नका आणि "अजून चालतोय" यावर तर अजिबात नको. मी आता बाबांसारखी वही ठेवतो (फोनमध्ये, पण वहीच). नक्षी मोजायचं छोटं यंत्र दहा युरोच्या आत मिळतं. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजायचा, आत, मध्ये, बाहेर, आणि सर्वात कमी आकडा खरा धरायचा. यंत्र नसेल तर १ युरोचं नाणं नक्षीत उभं घाला, त्याची सोनेरी कड ३ मिलिमीटरची असते, ती दिसायला लागली की समर टायर बदलायची वेळ जवळ आली. कायदा १.६ म्हणतो, पण इथली वाहनचालकांची संघटना एडीएसी समरसाठी ३ सांगते आणि मला ते पटतं, कारण ए ८ हायवेवर आयशेलबर्गच्या उतारावर धो धो पावसात १०० ला गाडी पाण्यावर तरंगल्यासारखी हलकी झालेली मी एकदा अनुभवलीय, स्टीअरिंग हातात आहे पण खाली काहीच नाही. नक्षी पाणी बाहेर टाकते, नक्षी नाही तर पाणी जाणार कुठं.

तर माझा हिशोब. पहिला सेट, ४ गुणिले ५२ म्हणजे २०८, बसवायचे ८८, एकूण २९६ युरो, चालला २२ हजार, म्हणजे हजार किलोमीटरला साधारण साडेतेरा युरो. दुसरा महागाचा, ३५६ अधिक ८८ म्हणजे ४४४, चालला २४ हजार, हजाराला साडेअठरा. या दोन आकड्यांवरूनच मी "महाग म्हणजे लूट" असं बोंबलत होतो, आणि गणित बरोबरच होतं की, फक्त त्या आकड्यांत टायर मोजलाच गेला नव्हता, माझी फेंगडी चाकं मोजली गेली होती. तिसरा सेट अलाइनमेंट नीट झाल्यावर, २०२४ च्या एप्रिलमध्ये, मधल्या किमतीचा, ७१ ला एक, बसवून ३७२. नवीन असताना नक्षी ७.६. पहिल्या उन्हाळ्यानंतर ११ हजारावर पुढचे ६.०, मागचे ६.८, आत-मध्ये-बाहेर फरक जेमतेम ०.२. मग पुढचे मागं, मागचे पुढं. दुसऱ्या उन्हाळ्यानंतर २२ हजारावर चारही ५.२ च्या आसपास आणि आवाज नाही. ज्या किलोमीटरला पहिला सेट भंगारात गेला तिथं याची ३ पर्यंत जायला अजून निम्मी नक्षी शिल्लक. याच चालीनं ३ मिलिमीटरपर्यंत ४२ हजार निघतील, म्हणजे हजाराला नऊ युरोच्या आत, आणि अलाइनमेंटचे १०९ धरले तरी साडेअकरा. अलाइनमेंट महाग वाटत होतं मला.

पुढचा-मागचा बदल करताना एक भानगड होते. वर्कशॉपवाला चाक काढताना खडूनं फाऊ एल, हा एर असं लिहितो, पुढचं डावं, मागचं उजवं, आणि मग तेच लोक चाकं धुऊन स्टोरेजला ठेवतात आणि खडू जातो. मी आता आतल्या बाजूला पांढऱ्या ऑइल पेंटच्या पेननं लिहितो आणि वर किलोमीटर. बाणवाले टायर, म्हणजे ज्यांना फिरायची दिशा ठरलेली असते, ते डावं-उजवं करता येत नाहीत, फक्त पुढं-मागं.

विकत घेताना लेबल बघाच, पण त्याच्यावर काय नाही तेही लक्षात ठेवा. २०२१ च्या मे महिन्यापासून युरोपात नवीन लेबल आहे, इंधन आणि ओल्या रस्त्यावरची पकड यांना ए ते ई, आणि आवाजाला ए ते सी. त्यातलं ओल्या रस्त्याचं अक्षर मी सर्वात आधी बघतो आणि बी च्या खाली जात नाही, तिथं वाचवलेले दहा युरो ब्रेक मारल्यावर पुढच्या गाडीच्या डिकीत जातात. आवाजाचा आकडा गाडीच्या बाहेरचा असतो, रस्त्याच्या कडेला उभ्या माणसाला ऐकू येणारा, आत बसलेल्या आपल्याला काय ऐकू येईल ते त्यावरून कळत नाही. आणि टायर किती हजार किलोमीटर टिकेल हे त्या लेबलवर कुठंच नाही. काही टायरच्या बाजूला ट्रेडवेअर ३०० वगैरे लिहिलेलं असतं, ती अमेरिकन पद्धत, आकडा कंपनीच देते, त्यामुळे एका कंपनीच्या ३०० ची दुसऱ्या कंपनीच्या ४०० शी तुलना करून फार आनंदी होऊ नका.

टिकण्याचा अंदाज हवा असेल तर एडीएसीच्या टेस्ट बघा, ते झीज मोजतात. २०२३ पासून ते ७० टक्के वजन सेफ्टीला आणि ३० टक्के पर्यावरणाला देतात, आणि टिकाऊपणा त्या ३० मध्ये येतो, म्हणजे एकूण मार्क चांगले असले तरी टायर लवकर झिजणारा असू शकतो आणि उलटही. त्यामुळे एकूण मार्क बघून पान बंद करू नका, आतला झिजेचा आकडा उघडून बघा. आणि मार्क जर्मन आहेत, कमी तेवढे चांगले, आपल्या एका मित्रानं ३.८ वाला घेतला "३.८ म्हणजे चारच्या जवळ, भारीच" म्हणून. शिवाय टेस्ट एका ठराविक साइजची असते, तुमची साइज वेगळी असेल तर अंदाज म्हणून घ्या, कुंडली म्हणून नको.

टायर कधी बनला ते कळायला त्याच्या बाजूवरचा डॉट नंबर बघा, शेवटचे चार आकडे, ०९२४ म्हणजे २०२४ चा नववा आठवडा. ऑनलाइन ऑफरमध्ये जुना माल येतो कधीकधी, इथं साधारण ३ वर्षांपर्यंतचा न वापरलेला टायर नवाच धरतात, पण मग भाव पण तसा पाडून घ्या. ९१ हा वजनाचा आकडा, एका टायरवर ६१५ किलो, आणि व्ही म्हणजे २४० चा स्पीड, गाडीच्या कागदात आहे त्याच्यापेक्षा कमी समर टायरला घ्यायचा नाही.

भारतातून नवीन आलेल्यांना एक सांगायचं राहिलं, समर टायर म्हणजे कडक उन्हासाठीचा टायर नव्हे. साधारण ७ अंशांच्या वर ज्याचं रबर नीट काम करतं तो समर, त्या अर्थानं आपल्याकडे सांगली-पुण्यात बारा महिने असतात ते समरच. इथं लोक म्हणतात फोन ओ बिस ओ, ऑक्टोबर ते ओस्टर्न म्हणजे ईस्टरपर्यंत विंटर, बाकी समर. उरलेली नक्षी "संपवून टाकू" म्हणून विंटर टायर उन्हाळ्यात चालवणारे बरेच आहेत. करू नका, मऊ रबर उन्हात लोण्यासारखं जातं आणि ब्रेक लांब लागतो. ऑल सीझनबद्दल पण विचारतात, शहरात थोडंसं चालवणाऱ्याला ठीक आहे, मला इथं डोंगराच्या कुशीत राहून नको.

ज्यांना हाच प्रॉब्लेम आहे त्यांनी कुठला ब्रँड घेऊ हे विचारायच्या आधी चार गोष्टी लिहा : चारही टायरचे आत-मध्ये-बाहेरचे मिलिमीटर, थंड असतानाची हवा, चारही चाकांच्या अलाइनमेंटचा कागद (चारही, पुढच्या दोनचा नाही), आणि सस्पेन्शनचं शेवटचं काम कधी झालं. एवढं असलं की निम्म्या लोकांना नवीन टायर लागणारच नाहीत असं मला वाटतं, निदान इतक्यात तरी.

आणि हो, चाकं चढवल्यावर ५० किलोमीटरनी बोल्ट परत टॉर्क पान्यानं तपासायचे, माझ्या गाडीला १२० न्यूटन मीटर लागतात, तुमच्या पुस्तकात बघा. मागच्या एप्रिलमध्ये मी बघितले तर पुढच्या उजव्या चाकाचा एक बोल्ट पाव फेरा फिरला. बाबांना सांगितलं नाही.